एकच मोटार बीडला टिकते, मुंबईला का सडते?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून एकाच महिन्यात, एकाच पत्र्याच्या आणि एकाच रंगाच्या दोन पद्मिनी मोटारी बाहेर पडल्या असे समजू. एक माहीमच्या समुद्राजवळ रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. दुसरी बीडला आली. पंचवीस वर्षांनी दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर काय दिसेल? माहीमच्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडा पोखरलेल्या असतील, मडगार्डाला भोके असतील, पायाखालचा पत्रा चटई उचलताच हाताशी येईल. बीडच्या गाडीचा रंग उन्हाने विटलेला असेल, काचांची रबरे तडकलेली असतील, आसनांचे रेक्झिन फाटलेले असेल. पण पत्रा बहुतेक शाबूत असेल.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक असते. गाडी कोणत्या 'पासिंग'ची, हा त्यांचा पहिल्या दोन-तीन प्रश्नांपैकी एक. एम.एच. २३ म्हणजे बीड, ४४ म्हणजे अंबाजोगाई. ०८ रत्नागिरी किंवा ०७ सिंधुदुर्ग असे दिसले की जाणकार गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून पाहते. आपल्या जिल्ह्यात हा काही हौशी लोकांचा विषय नाही. कर्ज काढून जुनी जीप घ्यायची आणि तालुक्याच्या गावाला माणसे पोचवायची, हा कितीतरी घरांचा धंदा आहे. शाळेची मुलेही अशाच गाड्यांतून येतात. या गाड्यांचा ब्रेक चाकापर्यंत पोचतो तो पोलादाच्या बारीक नळीतून, आणि ती नळीही गंजते. तेव्हा गंज कुठे आणि का लागतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

'लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की ते गंजते' हे सातवीचा विद्यार्थीही सांगतो. वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून वरच्या दोन मोटारींचा उलगडा होत नाही. हवा दोन्हीकडे सारखीच आहे. पाऊस मुंबईत वर्षाला २२०० मिलिमीटरहून अधिक पडतो, बीडमध्ये साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. म्हणजे फरक पावसाचा, असे उत्तर विद्यार्थी पटकन देतील. मग त्यांना एक उलटा प्रश्न विचारावा. पाऊस गाडीच्या टपावर सर्वांत जास्त पडतो, मग टप सर्वांत शेवटी का गंजतो?

पत्रा गंजायला पाऊस लागत नाही. लागते ती पाण्याची एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारी साय. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की अशी साय पत्र्यावर पुरेशी जाड होते आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. इंग्लंडमध्ये व्हर्नन या रसायनशास्त्रज्ञाने १९२० आणि ३० च्या दशकांत हे प्रयोगांनी दाखवले. हवा त्याहून कोरडी असेल तर स्वच्छ पोलाद वर्षानुवर्षे चकचकीत राहू शकते. म्हणून या विषयाचे अभ्यासक पावसाचे मिलिमीटर मोजत बसत नाहीत, तर ओलाव्याचे तास मोजतात. तापमान शून्य अंशाच्या वर आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असे वर्षात किती तास भरले, ते ते पाहतात. बीडमध्ये उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. वर्षातले कितीतरी महिने गाडीच्या पत्र्याला गंजायची संधीच मिळत नाही. मुंबईत उन्हाळ्यातसुद्धा सकाळी अंगाला घाम चिकटून राहतो, तसे पाणी पत्र्यालाही चिकटून राहते.

त्यात समुद्र भर घालतो. लाटा फुटताना उडणारे बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, सुकतात आणि मिठाचे कण सगळीकडे बसतात. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते! म्हणजे किनाऱ्यावरच्या गाडीवर असा पदार्थ पसरलेला असतो, की जो पत्रा पूर्ण सुकूच देत नाही. शिवाय विरघळलेले मीठ वीज वाहून नेते, आणि गंजणे ही मुळात विजेचीच क्रिया आहे.

आता टपाचे कोडे सुटते. टपावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो आणि ऊन त्याला लगेच वाळवते. गाडीच्या पोटाखाली पाऊस पोचत नाही, ऊनही पोचत नाही. तिथे मीठ साचत जाते.

थेंबाच्या आत काय चालते

ही विजेची क्रिया वर्गात दाखवता येते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांचा हा प्रयोग आता शंभरीला आला आहे, पण त्याच्याइतका बोलका प्रयोग मला दुसरा माहीत नाही. पोलादी पत्र्याचा एक तुकडा सॅन्डपेपरने लख्ख घासावा. पाव कप पाण्यात चिमूटभर मीठ, फेनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे एक-दोन लहान स्फटिक विरघळवावेत. (या रसायनाचा तीव्र आम्लाशी संपर्क येऊ देऊ नये.) या द्रावाचा एक मोठा थेंब पत्र्यावर अलगद ठेवावा आणि न हलवता काही मिनिटे वाट पाहावी.

थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसू लागतो आणि कडेने गुलाबी. निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळते आहे. तो भाग धनाग्र झाला. गुलाबी रंग म्हणजे तिथे हायड्रॉक्साइड तयार होत आहे; तो भाग ऋणाग्र झाला. एकाच पत्र्यावर, एकाच थेंबाखाली एक छोटा विद्युत घट तयार झालेला आहे. असे का व्हावे? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथला ऑक्सिजन संपला की नवा लवकर येत नाही. मध्यभागातल्या लोखंडाचे इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. थेंब जास्त वेळ ठेवला तर तांबूस गंज या दोन्हींच्या मध्ये कड्यासारखा साठतो. लोखंड झिजते एकीकडे आणि गंज दिसतो दुसरीकडे!

यातली महत्त्वाची गोष्ट पाठ्यपुस्तकी वाक्याच्या जवळजवळ उलट आहे. गंजायला ऑक्सिजन हवा हे खरे. पण पत्रा खाल्ला जातो तो जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथे. हे एकदा ध्यानात आले की मोटारीचा नकाशाच समोर उलगडतो. मडगार्डाच्या आतल्या कडेवर चिखल बसतो. चिखलाखाली ऑक्सिजन कमी, बाहेर भरपूर. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके मारले की मधली फट पाणी शोषून धरते. फटीत ऑक्सिजन कमी. दाराच्या तळाची पाणी निचरायची भोके धुळीने बुजली की आत कोंडलेल्या ओल्या धुळीखाली तेच. गंज फुगतोही. लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून फटीतला गंज दोन पत्र्यांना एकमेकांपासून फाकवतो आणि फट आणखी मोठी होते.

एक घाव विद्यार्थ्यांना आवडणारा आहे, तोही सांगतो. याच द्रावात थोडे अगार घालून उकळावे आणि थंड होऊन घट्ट होण्याच्या आत त्यात एक सरळ आणि एक वाकवलेला खिळा ठेवावा. खिळ्याचे डोके, टोक आणि जिथे वाकवले ती जागा निळी होते. ठोकलेल्या, वाकवलेल्या जागी धातूच्या कणांच्या रचनेत ताण राहून गेलेला असतो. तिथला धातू आधी विरघळतो. मोटारीच्या पत्र्याला अशा घड्या आणि बाक जागोजाग असतात.

गाडीच्या घडणीचा वाटा

आतापर्यंत एकाच गाडीच्या दोन गावांचा विचार केला. आता गाव एकच ठेवू आणि गाड्या बदलू. बीडच्याच हवेत जुनी महिंद्राची जीप आणि जुनी पद्मिनी यांत जीप अधिक दणकट राहिलेली दिसते. त्याचे कारण लोक 'जाड पत्रा' असे देतात. हा समज तपासून पाहू.

क्षरणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे उघड्या पोलादाची झीज पहिल्या वर्षी कोरड्या, कमी प्रदूषित प्रदेशात १ ते २५ मायक्रॉन, तर किनाऱ्याजवळ ५० ते ८० मायक्रॉन किंवा त्याहूनही अधिक धरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा पत्रा १ मिलिमीटर जाड आहे आणि तो एकाच बाजूने झिजतो. वर्षाला १० मायक्रॉनच्या वेगाने त्याला १०० वर्षे लागतील. ८० मायक्रॉनच्या वेगाने साडेबारा. (प्रत्यक्षात झीज सगळीकडे सारखी होत नाही, खड्डे पडतात, म्हणून भोक खूप आधी पडते. पण तुलनेला हा हिशोब पुरे.) आता पत्रा ०.२ मिलिमीटरने जाड केला तर किनाऱ्यावर किती आयुष्य वाढले? अवघी अडीच वर्षे! जाडीचा उपयोग आहे, पण लोक समजतात तेवढा नाही.

जीपचे खरे बळ तिच्या साधेपणात आहे. तिचे पत्रे सपाट आणि उघडे आहेत. पोकळ, झाकलेल्या जागा कमी. पाणी आले तसे निघून जाते, वारा सगळीकडून लागतो आणि गंज लागला तर लगेच दिसतो. घासून रेड ऑक्साइड मारता येते. दुसरे असे, की जीपचा सांगाडा, म्हणजे चासी, वेगळी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी वेगळी. बॉडीला भोक पडले तर ते कुरूप दिसते, एवढेच. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. तिला वेगळी चासी नाही. दाबून घडवलेले पातळ पत्रे पेटीसारखे जोडून त्या पेटीवरच सगळा भार टाकलेला आहे. अॅम्बॅसॅडरची रचनाही याच वळणाची. हलकी आणि तरीही ताठ अशी ही युक्ती उत्तमच आहे. आजच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. पण दरवाज्यांखालून जाणारी पोकळ पट्टी ही या पेटीची तुळई असते आणि ती आतून गंजते. बाहेरून रंग शाबूत, आत तुळई पोखरलेली. जुन्या पद्धतीत फवाऱ्याने मारलेला रंग अशा पोकळीच्या आत पोचतच नाही.

त्यावर उपाय निघाला तो विजेचाच. गाडीचा अख्खा सांगाडा पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या हौदात बुडवायचा आणि विजेच्या दाबाने रंगाचे कण पत्र्यावर ओढून बसवायचे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात ही पद्धत आणली, आणि १९७० च्या दशकात गाडीलाच ऋणाग्र करून ती अधिक चांगली झाली. रंग आधी उघड्या जागी बसतो. ती जागा झाकली गेली की तिथे वीज वाहात नाही, मग तो आपोआप कोपऱ्यांत आणि पोकळीत शिरतो. त्याआधीची आणि नंतरची गाडी यांत गंजाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

दुसरा उपाय जस्ताचा. तो पाहायला कारखान्यात जायला नको, गोठ्याचे छप्पर पाहावे. छपराच्या पत्र्याला खिळा ठोकलेले भोक असते, तिथे पोलाद उघडे पडलेले असते, तरी ते वर्षानुवर्षे तांबडे होत नाही. याउलट तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर ओरखडा पडला की चार दिवसांत तांबडी रेघ उमटते. छपरावर जस्ताचा मुलामा आहे, डब्यावर कथिलाचा. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून ते स्वतः धनाग्र होऊन विरघळते आणि लोखंडाला वाचवते. कथिल कमी क्रियाशील. ओरखडा पडला की लोखंडच धनाग्र होते आणि कथिल उलट त्याच्या नाशाला मदत करते. जर्मनीत पोर्श कंपनीने १९७५ च्या सुमारास आपल्या ९११ मोटारीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. त्याआधीच्या आणि नंतरच्या ९११ मोटारींच्या आजच्या अवस्थेत जो फरक पडतो, त्यात या जस्ताचा वाटा मोठा आहे.

लँड रोव्हरची गोष्ट वेगळी. १९४८ मध्ये ती निघाली तेव्हा युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडीला अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट, अखंड थर बसतो आणि पुढचे क्षरण थांबते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र आणि ठिसूळ. तो पाणी अडवत नाही, धरून ठेवतो. टंचाईतून निघालेला मार्ग गंजाच्या दृष्टीने नशीब ठरला, पण अर्धाच. तिची चासी पोलादाचीच आहे आणि पोलाद व अॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते.

याच्या उलट उदाहरण इटलीच्या लान्सिया बीटाचे. या गाडीचे इंजिन ज्या भागावर बसवलेले असते त्याच्या जोडाला इतका गंज लागू लागला, की १९८० मध्ये ब्रिटनमधल्या गाड्या कंपनीला परत विकत घ्याव्या लागल्या. रशियातून आलेले वाईट पोलाद हे त्याचे कारण, अशी कथा अजून सांगितली जाते. तिला चांगला पुरावा मी कुठे पाहिलेला नाही. पाणी धरणारी रचना आणि अपुरा रंग ही कारणे पुरेशी आहेत, त्यातून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. समुद्रापासून शंभर किलोमीटर आतली गाडीही मग किनाऱ्यावरच असल्यासारखी. अमेरिकेत कोरड्या अॅरिझोनातून आलेल्या जुन्या मोटारीला जादा भाव मिळतो, त्याचेही कारण हेच.

'मग दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडाच्या मोटारी का करत नाहीत?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. सुमारे सोळाशे वर्षे जुना तो स्तंभ न गंजण्याची कारणे कानपूरच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी तपशिलात अभ्यासली. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाच्या कितीतरी पट, सुमारे पाव टक्का आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर बसला आहे. पण तेवढ्या फॉस्फरसने लोखंड ठिसूळ होते. दाबून मडगार्ड काढायला ते चालणार नाही. शिवाय दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात हात आहे. कोणार्कच्या देवळातल्या जुन्या लोखंडी तुळया समुद्राजवळ आहेत आणि त्या गंजल्या आहेत.

बीडच्या कोरडेपणाला पडणारी भोके

आपली हवा कोरडी म्हणून निर्धास्त राहावे असे मात्र नाही. याच जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तळ पाहावा. गाडीपेक्षा दुप्पट-तिप्पट जाड पत्रा असून तो चाळणी झालेला आढळतो. कारण ट्रॉलीतून खते जातात. पोटॅशचे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचे सख्खे भावंड. युरियाही ७५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेला ओला होतो. गोण्यांतून सांडलेला चुरा कोपऱ्यांत आणि पत्र्याच्या जोडांत बसतो, त्यावर शेणखताचा ओला थर, मग उसाचा चिकट रस. सगळा पावसाळा त्या कोपऱ्यात समुद्रकिनारा तयार असतो. ट्रॉली रिकामी केल्यावर झाडण्याऐवजी भरपूर पाण्याने कोपरे धुऊन उन्हात तिरकी उभी केली, तर तिचे आयुष्य पुष्कळ वाढते.

धुण्याचे पाणी कोणते, हेही पाहावे. उन्हाळ्यात खोल गेलेल्या बोअरचे पाणी अनेक गावांत खारट असते. त्याने गाडीच्या पोटाखाली फवारा मारला आणि गाडी तशीच सावलीत लावली, तर धूळ गेली तरी क्षार तिथेच राहतात. असे पाणी वापरावे लागले तर शेवटची बादली साध्या पाण्याची घ्यावी. ओली गाडी बंद, दमट खोलीत ठेवण्यापेक्षा वाऱ्याच्या छपराखाली ठेवलेली बरी.

जुनी जीप किंवा मोटार घेताना एक लोहचुंबक जवळ ठेवावे, शाळेच्या प्रयोगशाळेतले चालेल. सडलेल्या पत्र्याच्या भोकांत लांबी भरून, वरून रंग मारून ती लपवतात. चुंबकावर पातळ कापड गुंडाळून ते दारांच्या खालच्या कडांवरून, मडगार्डावरून आणि दरवाज्यांखालच्या पट्टीवरून फिरवावे. पत्रा असेल तिथे ते ओढले जाते, लांबीवर सुटून येते. मग गाडीखाली जाऊन, जिथे स्प्रिंगच्या पाट्या चासीला धरलेल्या असतात तिथे आणि पट्ट्याच्या खालच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. निरोगी पत्रा टणत्कार करतो, सडलेला भद्द वाजतो आणि तांबडी भुकटी खाली गळते. ब्रेकच्या नळ्या सगळ्यांत शेवटी, पण बोटाने चाचपून पाहाव्यात. जिथे त्या चिमट्यांत धरलेल्या असतात तिथे चिखल साचतो, आणि थेंबाच्या मध्यभागी जे चालते तेच चिमट्याखाली चालते. तिथे नळीला खरखरीत खड्डे लागले तर भाव ठरवण्याआधी नळी बदलण्याची अट घालावी.